डिझेल गाडीचा फिल्टर काढून टाकावा काय?

गेल्या काही वर्षांत आपल्या पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या अंगणात नव्या डिझेल गाड्या आल्या आहेत. कोणी भाजी बाजारात नेण्यासाठी पिकअप घेतला, कोणी भाड्याने चालवण्यासाठी जीप घेतली. ह्या गाड्यांबरोबर एक नवी डोकेदुखीही आली. मीटरवर पिवळा दिवा लागतो, गाडीची ओढ कमी होते, अ‍ॅव्हरेज घटते आणि गॅरेजमध्ये गेले की उत्तर मिळते, ''डीपीएफ चोक झालाय.'' नवा बसवायचा तर खर्च मोठा. मग कोणीतरी हळूच सुचवतो, ''काढूनच टाका ना! थोड्या पैशात काम होईल आणि पुन्हा कटकट नाही.''

असा सल्ला आपल्या अनेक बांधवांना मिळाला आहे व काहींनी तो मानलाही आहे. म्हणून हा फिल्टर काय काम करतो, तो का तुंबतो, काढल्यावर धुरात काय फरक पडतो आणि तपासणीत काय होते, हे आम्ही ह्या लेखात समजावून देत आहोत. निर्णय आपला आहे. परंतु पुरी माहिती घेऊन तो करावा, एवढीच आमची विनंती आहे.

फिल्टर म्हणजे काय?

डिझेल जळताना सगळेच्या सगळे जळत नाही. थोडा भाग काजळी होऊन धुराबरोबर बाहेर पडतो. ही काजळी अडवण्यासाठी सायलेन्सरच्या नळीत, बहुधा इंजिनाच्या जवळ, पत्र्याचा एक डबा बसवलेला असतो. तोच डीपीएफ. डब्यात चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचा ठोकळा असतो. मधमाश्यांच्या पोळ्याला असावीत तशी त्याला आरपार बारीक भोके असतात. त्यातली एक युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. एक भोक पुढून उघडे व मागून बुजवलेले असते, तर त्याच्या शेजारचे पुढून बुजवलेले व मागून उघडे असते. धूर एका भोकात शिरतो, पण पुढे वाट नसल्यामुळे त्याला मधल्या सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या भोकात जावे लागते. फडक्यातून ताक गाळावे तसा हा प्रकार आहे. हवा जाते, काजळी मागे राहते. चांगल्या स्थितीतला फिल्टर नव्वद टक्क्यांहून अधिक काजळी अडवतो.

ही वस्तू अगदी नवी नाही. २००० साली फ्रान्समधील प्यूजो कंपनीने आपल्या ६०७ ह्या मोटारीला कारखान्यातूनच असा फिल्टर बसवून दिला. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे निकष सर्वत्र लागू झाले आणि तेव्हापासून डिझेल मोटारी व पिकअप ह्यांना तो आला. पूर्वीच्या बीएस-४ निकषाप्रमाणे डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळी सोडण्याची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. शिवाय नुसते वजन न पाहता कणांची संख्याही मोजावी असे ठरले व तिलाही मर्यादा घातली गेली. फिल्टरशिवाय डिझेल इंजिनाला ही मर्यादा गाठणे फार कठीण आहे. शेतातल्या लहान ट्रॅक्टरांना मात्र हा फिल्टर सहसा नसतो.

फिल्टर तुंबतो का?

काजळी अडवली म्हणजे ती साचणार. ती जाळून टाकण्याची सोय गाडीतच केलेली आहे. आपल्या घरचे धुराडे काजळीने भरले की आपण ते झाडतो. गाडी तेच काम आगीने करते. लांबच्या रस्त्यावर, विशेषतः भार घेऊन गाडी चालली असताना धूर पुरेसा तापतो व काजळी आपोआप थोडी थोडी जळत राहते. तेवढ्याने भागले नाही तर गाडीतला कॉम्प्युटर थोडे जास्त डिझेल सोडून फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवतो. मग दहा ते वीस मिनिटांत साचलेली काजळी जळून जाते. गॅरेजवाले ह्याला 'रिजनरेशन' म्हणतात.

अडचण इथेच येते. बेळगाव-खानापूरकडची भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाडीला तापण्याची संधी पुष्कळ मिळते. पण शेतातून सोसायटी, सोसायटीतून बाजार, बाजारातून घर अशा तीन-चार किलोमीटरच्या खेपा करणारी गाडी कधी नीट तापतच नाही. त्यात माल चढवताना अर्धा तास इंजिन चालूच ठेवलेले असते. काजळी जाळण्याचे काम सुरू होते न होते तोच आपण चावी फिरवून गाडी बंद करतो. असे वारंवार झाले की काजळी वाढत जाते. शिवाय काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरते व ऑइल पातळ होते. ऑइलची पट्टी काढून पाहिल्यावर पातळी उतरण्याऐवजी चढलेली दिसली तर हे समजावे.

दुसरी गोष्ट राखेची. काजळी जळते, पण राख जळत नाही, हे चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इंजिन ऑइलमध्ये जी द्रव्ये मिसळलेली असतात त्यांची राख फिल्टरमध्ये हळूहळू साठते. भरपूर अंतर चालल्यावर ती साफ करून घ्यावी लागते. चुकीचे ऑइल घातले तर राख लवकर साठते.

तिसरे कारण इंजिनाचे दुखणे. गळका इंजेक्टर, टर्बोतून येणारे ऑइल, बिघडलेला सेन्सर ह्यांपैकी काही असेल तर काजळी नेहमीपेक्षा जास्त होते व बिचारा फिल्टर भरतो. ताप आला म्हणजे थर्मामीटर फोडून ताप जात नाही. तसेच इथे आहे. फिल्टर काढला तरी मूळ दुखणे इंजिनात राहतेच.

फिल्टर काढतात म्हणजे काय करतात?

बहुधा डबा कापून आतला ठोकळा फोडून काढतात आणि रिकामा डबा पुन्हा वेल्डिंग करून बसवतात. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व जागच्या जागी दिसते. काही ठिकाणी डब्याच्या जागी सरळ पाइपच लावतात. पण गाडीचा कॉम्प्युटर फिल्टरच्या पुढचा व मागचा दाब सतत पाहत असतो. म्हणून त्याच्यातही फेरफार करतात, जेणेकरून त्याने फिल्टरची चौकशीच करू नये व दिवा लागू नये. ही दुसरी गोष्ट अधिक वाईट. कारण खोटे बोलायला शिकवलेला कॉम्प्युटर पुढे खऱ्या बिघाडाची सूचनाही कदाचित देणार नाही.

ओढ वाढते, अ‍ॅव्हरेज वाढते असे सांगतात. त्यात किती तथ्य आहे? तुंबलेला फिल्टर काढला तर गाडी हलकी वाटणार, हे खरेच. नाक चोंदलेल्या माणसाचे नाक मोकळे झाले की त्याला बरे वाटतेच. परंतु तुलना करायची तर साफ फिल्टरशी करावी. साफ फिल्टर असलेल्या गाडीत व फिल्टर काढलेल्या गाडीत फरक थोडा असतो. काजळी जाळण्यासाठी थोडे डिझेल खर्च होते, तेवढे वाचते. त्याची किंमत मात्र दुसऱ्या कोणाला तरी भरावी लागते. ती कोणाला, ते आता पाहू.

धूर दिसत नाही, पण असतो

पूर्वीचा ट्रक घाट चढताना काळे ढग सोडी. तो धूर डोळ्यांना दिसे, नाकाला झोंबे, माणूस तोंडावर रुमाल धरी. आजच्या इंजिनात डिझेल फार मोठ्या दाबाने व अतिशय बारीक फवाऱ्याने उडवतात. त्यामुळे काजळीचे कणही अतिशय बारीक होतात. त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने बसतील.

असे कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि अंगावर जळक्या तेलाची विषारी द्रव्ये घेऊन जातात. दम्याचा त्रास वाढणे, खोकला हटता न हटणे, हृदयविकार बळावणे हे परिणाम डॉक्टरांना माहीत आहेत. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्याने सिद्ध झाला असे त्या संस्थेने सांगितले.

हा धूर प्रथम कोणाच्या छातीत जातो? सरकारच्या नव्हे, गाडीच्या कंपनीच्याही नव्हे. जो ती गाडी रोज सुरू करतो त्याच्या, मागे उभ्या राहून टोमॅटोचे क्रेट चढवणाऱ्या बायांच्या, अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या आणि ओसरीवर खाटेवर पडलेल्या आजोबांच्या. बंद गोदामात किंवा छपराखाली इंजिन चालू ठेवले तर त्रास अनेक पटींनी वाढतो.

अनेकांनी मिळून असे केले तर काय होते, ह्याचा हिशेब अमेरिकेत झाला आहे. तेथील पर्यावरण खात्याने २०२० साली अहवाल काढला. त्यात सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर शुद्ध करणारी साधने काढून टाकली गेल्याचे म्हटले होते. ह्या गाड्यांमुळे त्यांच्या आयुष्यभरात सुमारे ५,००० टन जादा काजळी व ५,७०,००० टन जादा नायट्रोजनचे विषारी वायू हवेत जातील, असा त्या खात्याचा अंदाज होता.

तपासणीत काय होते?

येथे पुष्कळांचा गैरसमज आहे. ''माझ्या गाडीचा फिल्टर काढलाय, तरी पीयूसी मिळाली. म्हणजे धूर ठीकच असणार,'' असे म्हणतात. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची तपासणी कशी होते ते आठवा. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालतात, दोन-चार वेळा पूर्ण रेस देतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजते. ही पद्धत काळा धूर सोडणारी जुनी इंजिने पकडण्यासाठी काढलेली आहे. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ व बीएस-४ च्या गाड्यांना ५० एककांची मर्यादा ठरवलेली होती, ती ह्याच मापाची. अतिबारीक कण मात्र प्रकाश फारच थोडा अडवतात. त्यामुळे फिल्टर नसलेली, पण बाकी सुस्थितीत असलेली नवी गाडी ह्या यंत्रापुढे सहज पास होऊ शकते. कागद खरा असतो, पण प्रश्नच अपुरा विचारलेला असतो.

युरोपातही हेच घडले व तेथील लोकांनी त्यातून मार्ग काढला, तो समजून घेण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत फिल्टर जागेवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहू लागले. कारखान्याने दिलेला फिल्टर नसेल तर गाडी नापास. त्यावर लोकांनी रिकामा डबा वेल्डिंग करून बसवण्याची युक्ती काढली. तेव्हा मे २०१८ पासून नियम आणखी कडक झाले. फिल्टरशी छेडछाड केल्याची खूण दिसली, किंवा फिल्टर असलेल्या गाडीतून कोणत्याही रंगाचा धूर दिसला, तर ती नापास होऊ लागली.

पण रिकाम्या डब्याचे खरे औषध निघाले ते कण मोजण्याच्या यंत्राचे. हे यंत्र प्रकाश न मोजता धुरातील कणांची संख्या मोजते आणि तेही इंजिन नुसते चालू असताना, रेस न देता. चांगला फिल्टर असेल तर एका घनसेंटिमीटर धुरात काही हजारच कण सापडतात. फिल्टर फुटलेला किंवा काढलेला असेल तर आकडा लाखांवर, कित्येकदा दहा लाखांच्याही वर जातो. इथे लपवाछपवीला जागाच नाही. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून व जर्मनीने १ जुलै २०२३ पासून ही तपासणी सुरू केली. जर्मनीने मर्यादा अडीच लाख कणांची ठेवली, नेदरलँड्सने दहा लाखांची. म्हणजे जी गाडी काल धुराच्या यंत्रापुढे पास होत होती तीच आज नापास होऊ लागली. गाडी बदलली नव्हती, मोजमाप बदलले होते. आज पीयूसी मिळते म्हणून फिल्टर काढणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कायद्याचे काय?

आपल्याकडे पीयूसी मिळाली तरी कायद्याने सूट मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मालकाला मनास येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. धुराचे निकष मोडून गाडी चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बंद, अशी तरतूद त्याच वेळी झाली. भाड्याच्या व मालाच्या गाड्यांना फिटनेस तपासणीलाही जावे लागते. गाडीची वॉरंटी चालू असेल तर तीही धोक्यात येते. गॅरेजवाला काम करून मोकळा होतो. नंतरची जबाबदारी मालकाच्या गळ्यात पडते.

मग करावे काय?

फिल्टर टिकवणे काही अवघड नाही. आम्ही काही गोष्टी सुचवतो.

१. फिल्टरचा दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये. बहुतेक गाड्यांत सुरुवातीच्या दिव्याचा अर्थ 'मला जरा लांब न्या' एवढाच असतो. गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेल्या वेगाने वीसेक मिनिटे मोकळ्या रस्त्यावर न थांबता चालवावी. रोज जवळच्या खेपा असतील तर आठवड्यातून एकदा अशी लांब फेरी ठेवावी. तीच फेरी तालुक्याच्या कामासाठी वापरली तर डिझेल वाया जाणार नाही.

२. गाडी उभी असताना इंजिनाचा आवाज थोडा चढलेला आहे, पंखा जोरात फिरतो आहे, गरम वास येतो आहे, असे वाटले तर काजळी जळते आहे असे समजावे. शक्य असल्यास गाडी बंद न करता आणखी थोडी चालवावी.

३. त्या वेळी वाळलेले गवत, भाताचे पिंजर किंवा उसाचे पाचट ह्यांवर गाडी उभी करू नये. खालचा डबा भयंकर तापलेला असतो. आग लागण्याचा धोका आहे. खळ्यावर विशेष काळजी घ्यावी.

४. माल चढवताना इंजिन बंद ठेवावे. ह्याने डिझेलही वाचते व चढवणाऱ्यांच्या छातीचेही रक्षण होते.

५. पुस्तकात सांगितलेलेच, कमी राखेचे इंजिन ऑइल घालावे. ट्रॅक्टरसाठी आणलेले उरलेले ऑइल पिकअपमध्ये ओतू नये. ऑइलची पातळी चढत असेल तर लगेच दाखवावे.

६. डिझेल खात्रीच्या पंपावरच भरावे. बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भाग इतके कमी केलेले आहे. त्यात रॉकेल किंवा अन्य भेसळ झाली तर सर्व व्यवस्था बिघडते.

७. ज्या गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे, त्या टाकीत शेतातला युरिया पाण्यात विरघळवून कधीही घालू नये. खताचा युरिया तेवढा शुद्ध नसतो व त्याला कडुनिंबाचे तेल चोळलेले असते. त्याने नळ्या व पुढची यंत्रणा निकामी होते.

८. पुन्हा पुन्हा फिल्टर तुंबत असेल तर 'का तुंबतो?' हा प्रश्न मेस्त्रीला विचारावा. इंजेक्टर, टर्बो व सेन्सर तपासून घ्यावेत. कंपनीच्या वर्कशॉपात यंत्र लावून काजळी जाळून घेता येते. राख साठली असेल तर फिल्टर उतरवून साफ करून मिळतो. हा खर्च नव्या फिल्टरपेक्षा पुष्कळ कमी असतो. घरी सळईने टोचू नये किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नये. ठोकळा तडकतो आणि उडालेली राख आपल्याच नाकात जाते.

जुनी बीएस-६ गाडी विकत घेताना आणखी एक साधी परीक्षा करावी. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. फिल्टर चांगला असेल तर आत जवळपास स्वच्छ असते. बोटाला काळी काजळी लागली तर फिल्टर फुटलेला किंवा काढलेला असण्याचा संशय धरावा. गाडीखाली वाकून डब्यावर वेल्डिंगची नवी रेघ आहे का तेही पाहावे. रेघ दिसली तर सफाईची पावती मागावी. पावती नसेल तर तो सौदा सोडावा, कारण दुसऱ्याने काढलेल्या फिल्टरचा दंडही आपल्यावरच येणार व धूरही आपल्याच घरात शिरणार.

ज्यांनी फिल्टर आधीच काढला आहे त्यांनीही निराश होऊ नये. फिल्टर पुन्हा बसवता येतो व कॉम्प्युटरची मूळ मांडणीही परत करून घेता येते. खर्च आहे, हे आम्ही नाकारत नाही. एका हंगामात जमले नाही तर दुसऱ्या हंगामात करावे. तोपर्यंत निदान दारात, गोदामात व माणसांच्या घोळक्यात इंजिन चालू ठेवू नये.

आपण पिकावर औषध फवारताना वाऱ्याची दिशा पाहतो, शेजाऱ्याच्या विहिरीवर फवारा जाऊ नये म्हणून जपतो. गाडीच्या धुराच्या बाबतीतही तीच शिस्त पाळावी. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो कमी घातक होत नाही.